शाळा भरते, शाळा सुटते

दुकान रोज उघडते आणि रोज बंद होते. कचेरीचे तेच, देवळाच्या दाराचेही तेच. शाळेविषयी बोलताना मात्र आपली भाषा निराळी वाट धरते. जूनमध्ये वर्षाच्या आरंभी शाळा उघडते हे खरे. पण एकदा उघडल्यावर ती रोज भरते आणि रोज सुटते. भरणे हे क्रियापद या अर्थाने मराठीने मोजक्याच गोष्टींसाठी राखून ठेवले आहे. बाजार भरतो, जत्रा भरते, सभा भरते आणि शाळा भरते. या साऱ्यांत समान असे काय आहे याचा विचार केला, तर असे दिसेल की माणसे जमल्यावाचून यांपैकी एकालाही अस्तित्व नाही. गिऱ्हाईक नसले तरी दुकान हे दुकानच असते. पण जिला कोणी आलेच नाही अशा जत्रेला जत्रा कोण म्हणेल? त्याचप्रमाणे मुलांवाचूनची शाळा म्हणजे बाके, फळे आणि कुलपे यांनी युक्त अशी एक इमारत होय.

ही शब्दांची चर्चा मी केवळ हौसेने आरंभलेली नाही. २०२० च्या मार्चपासून पुढे जवळजवळ दोन वर्षे मुंबईच्या मुलांच्या वाट्यास जे आले, ते सांगण्यास ‘शाळा बंद होत्या’ हे शब्द मला अपुरे वाटतात. शाळा भरत नव्हत्या, आणि म्हणूनच त्या सुटतही नव्हत्या, असे म्हटले म्हणजे त्या दुःखाचा आकार काहीसा ध्यानात येतो.

सुटीचे वेड मुलांना पूर्वापार आहे. मी राहतो त्या दहिसरास एक नदी आहे. राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाकडून ती खाली उतरते. वर्षातले बरेच महिने ती इतकी क्षीण असते की तिला नदी म्हणणे हा केवळ शिष्टाचार वाटावा. पण पावसाळ्यात तिला आपल्या कुळाचे स्मरण होते. २६ जुलै २००५ रोजी ती अशी चवताळून उठली की काठच्या वस्तीतली भांडीकुंडी वाहून गेली. पाणी ओसरल्यावर मोठी माणसे कपाळाला हात लावून चिखल उपसत होती. आणि शाळा काही दिवस भरणार नाही हे कळल्यामुळे मुले मात्र त्याच चिखलात आनंदाने बागडत होती. न मागता मिळालेल्या सुटीची गोडी अशी काही और असते!

शनिवार, १४ मार्च २०२० रोजी शहरांतील शाळा ३१ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा आमच्या इमारतीच्या आवारात असाच जल्लोष झाला. दहावीची परीक्षा चालू होती. तिच्यातला भूगोलाचा शेवटचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा, तो प्रथम लांबणीवर पडला आणि पुढे रद्दच झाला. विद्यार्थ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भूगोलाच्या पेपराबरोबर त्यांचा सारा भूगोलही एका खोलीएवढा आक्रसणार आहे, याची कल्पना त्या वेळी कोणाला असणार?

पंधरवड्याच्या त्या सुटीचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांत नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून हळूहळू भरू लागले. मुंबईत मात्र दारे लागलेलीच राहिली. आठवीपासून पुढच्या मुलांना ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळेचे तोंड दिसले. पहिली ते सातवीच्या मुलांस तर १५ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे एकवीस महिने! जानेवारीच्या आरंभी ते दार पुन्हा लागले आणि २४ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा उघडले. सहा वर्षांच्या मुलाला एकवीस महिने म्हणजे किती, याचा हिशेब पन्नाशीतल्या माणसाने आपल्या मापाने करू नये. त्याच्या आठवणीतल्या आयुष्याचा तो निम्म्याहून अधिक भाग असतो.

साथीचे रोग मुंबईला नवे नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा भरविणाऱ्या सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. प्लेगाच्या पुढल्या फेऱ्यांच्या गोष्टी माझी आजी सांगत असे. तिच्या सांगण्यात मृत्यूचे भय होतेच. पण गावाबाहेरच्या मळ्यात बांधलेल्या झोपड्या, दहा घरच्या मुलांचा एकत्र दंगा आणि चांदण्यातली जेवणे हीही होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांपासून होतो. म्हणून त्याने माणसांना घराबाहेर काढले. करोना श्वासावाटे पसरतो. म्हणून त्याने माणसांना घरात कोंडले आणि एकमेकांपासून तोडले. दोन्ही उपाय त्या त्या रोगाला अनुसरूनच होते. परंतु मुलांच्या मनाच्या दृष्टीने पाहिले, तर पहिल्या साथीत त्यांचे घर सुटले पण सवंगडी राहिले; दुसरीत घर राहिले आणि सवंगडी गेले.

आणि येथेच मला मुख्य मुद्दा सांगावयाचा आहे. शाळा भरत नव्हती तेव्हा मुलांचा अभ्यास बुडाला, अशी हाकाटी सर्वत्र झाली व ती खोटी नव्हती. पण माझ्या मते त्याहून मोठी हानी दुसरीच होती. आईबापांच्या दृष्टीपलीकडचे असे जे एकमेव हक्काचे ठिकाण मुलाला असते, तेच नाहीसे झाले. घरात मूल हे कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी नात असते. त्याचे खाणे, झोपणे, रुसणे सगळ्यांना पाठ असते. शाळेच्या फाटकातून आत शिरताच ते स्वतःच्या नावाने हजेरी देते. घरी जो भित्रा म्हणून प्रसिद्ध असतो तो तेथे टोळीचा नायक होतो. घरी जिला ‘अबोल’ अशी पदवी मिळालेली असते ती तेथे मैत्रिणीच्या कानात दिवसभर कुजबुजत असते. तेथे त्याची भांडणे होतात आणि ती घरी न कळता मिटतात. छडीही खाल्लेली असते आणि आवळाही चोरलेला असतो. या लहानशा गुपितांवाचून माणसाचे मन वाढत नाही. मातीच्या आत अंधार असतो म्हणूनच बी रुजते. रोज उकरून पाहिलेले बी रुजत नाही.

फोनवरची शाळा सुरू झाली आणि तो अंधारच गेला. आमच्या इमारतीत, जिन्यावरून जाता येता, मला तीन मजल्यांवरचे तीन वर्ग ऐकू येत. स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी मूल बसलेले असे. बाई प्रश्न विचारीत. उत्तर देण्यास मुलाचे तोंड उघडण्यापूर्वी आई ते कुजबुजे, आणि आजी पलीकडच्या खोलीतून ते दुरुस्त करी. चूक झाली तर तीस मुलांसमोर नव्हे, तीस घरांसमोर होई. वर्गात बोलणी बसली तर मधल्या सुटीत मित्राच्या खांद्यावर हात टाकून ती विसरता येतात. येथे बोलणी संपली की जेवणाच्या ताटावर पुन्हा त्याच बोलण्यांची दुसरी आवृत्ती निघे. शाळा घरात शिरली, घर शाळेत शिरले, आणि या दोहोंच्या मधल्या वाटेवर, दप्तर पाठीला लावून रमतगमत चालण्याच्या त्या वाटेवर, मुलाचे जे स्वतःचे राज्य होते ते खालसा झाले.

पण ही निदान वर्ग ‘ऐकू येणाऱ्या’ घरांची गोष्ट झाली. दहिसर पूर्वेस डोंगराच्या अंगाला केतकीपाडा आहे. तेथून आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या घरी तीन मुलांत एक फोन होता, आणि तोही दिवसभर बापाबरोबर बाहेर असे. रात्री बाप परतल्यावर मोठ्या मुलीने धाकट्यांना दिवसाचे धडे दाखवावयाचे, असा नेम होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आदींच्या पुढाकाराने पंधरा राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत पाहणी झाली. तीत शहरांतील अवघी २४ टक्के आणि खेड्यांतील ८ टक्केच मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत असल्याचे आढळले. उरलेल्यांचे काय? काहींनी सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून लागणारी ‘टिलीमिली’ पाहिली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगविले आणि गल्लीची पाठशाळा केली. मला हा उपाय फार आवडला, कारण भिंत वाचण्यासाठी मुलाला घराबाहेर पडावे लागते आणि तेथे शेजारचे मूलही भेटते. परंतु असे शहाणपण सर्वत्र सुचले नाही.

मुलांच्या मनावर याचा परिणाम काय झाला? २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८१ हजार मुलांचा समावेश होता. साधारण चारांत एकास खिन्नतेची आणि पाचांत एकास चिंतेची ठळक लक्षणे दिसली. साथीपूर्वीच्या अंदाजांच्या मानाने हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. आपल्याकडे एनसीईआरटीने २०२२ च्या आरंभी सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांना आपल्या काळजीचे कारण म्हटले. ५१ टक्के मुलांना ऑनलाइन शिकणे अवघड गेले होते. आणि २८ टक्के मुलांना प्रश्न विचारण्याचाच संकोच वाटत होता.

पण आकडे पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. आपली मुले मनाचे दुखणे त्या नावाने सांगत नाहीत. मोठ्यांनी त्यांना त्यासाठी शब्दच दिलेले नाहीत. लहान मूल म्हणते, पोटात दुखते. मोठे मूल म्हणते, कंटाळा आला. त्या दोन वर्षांत ‘कंटाळा’ हा एकच शब्द किती ओझी वाहत होता! झोप न लागणे हा कंटाळा, जेवण न जाणे हा कंटाळा, आजोबांना रुग्णवाहिकेतून नेताना गॅलरीतून पाहिले आणि ते परत आले नाहीत, यानंतरचे मौन हाही कंटाळाच. आणि आपण उत्तर देत होतो, ‘कंटाळा कसला? घरबसल्या सगळे मिळते आहे.’ युनिसेफने २०२१ मध्ये २१ देशांत केलेल्या पाहणीत, मनाच्या त्रासासाठी दुसऱ्याची मदत घेणे चांगले असे सरासरी ८३ टक्के तरुणांनी सांगितले. भारतात असे म्हणणारे ४१ टक्केच निघाले. जी गोष्ट कोणाला सांगू नये असे विशीतल्या तरुणास वाटते, ती आठ वर्षांचे पोर कशी सांगणार?

ज्यांच्या घरी मृत्यू येऊन गेला त्यांची कथा तर निराळीच. एप्रिल २०२० पासून २०२२ च्या आरंभापर्यंत आई, वडील किंवा दोन्ही गमावलेल्या बालकांची संख्या, सर्व कारणे धरून, १,४७,४९२ असल्याचे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सर्वोच्च न्यायालयास कळविले. त्यांत महाराष्ट्रातील १९,६२३ होती. पूर्वी असे मूल दहाव्या-बाराव्या दिवसानंतर शाळेत जाई. बाकावरचा मित्र काही बोलत नसे. नुसता सरकून जागा देई, डब्यातला लाडू पुढे करी. दुःखाचे अर्धे औषध या सरकण्यात असते. या मुलांना सरकून जागा देणारे कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, शाळा बंद ठेवल्या नसत्या तर अनर्थ झाला असता. तसे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. २०२० च्या जूनमध्ये मुलुंड, भांडुपपासून बोरिवली, दहिसरपर्यंत उत्तरेकडच्या उपनगरांत रोगी इतके वाढले की महानगरपालिकेस २२ जूनपासून ‘मिशन झीरो’ नावाची खास मोहीम हाती घ्यावी लागली. त्या दिवसांत मुलांना घरी ठेवणे हे शहाणपणच होते. शिवाय प्रामाणिकपणे हेही नोंदविले पाहिजे की, काही मुलांना त्या काळात सुख लाभले. जो तोतरे बोलतो, जिच्या रंगावरून टिंगल होते, ज्याला टोळीतली मुले रोज छळतात, त्यांना घर हा आसरा वाटला. शाळा हा काही स्वर्ग नव्हे, आणि तिची आठवण काढताना तिच्यावर सोनेरी मुलामा चढविण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप दारे लावण्याला नाही. ती पुन्हा उघडण्याचा जो क्रम आपण लावला, त्याला आहे. महाराष्ट्रात उपाहारगृहे व मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडली, चित्रपटगृहे ५ नोव्हेंबरला, देवळे १६ नोव्हेंबरला. दुसरी लाट आली, सारे पुन्हा मिटले. ती ओसरताच ७ ऑक्टोबर २०२१ रोजी देव मोकळे झाले आणि २२ ऑक्टोबरला चित्रपटगृहे. मुंबईचे पहिलीतले मूल मात्र १५ डिसेंबरपर्यंत घरीच. संसार सावरताना घरधनी कोणती वस्तू आधी उचलतो, यावरून त्याला काय प्रिय आहे ते कळते. मुलांना मत नसते आणि त्यांच्या शाळेला गल्ला नसतो. त्यामुळे त्यांची पाळी शेवटी आली, याहून वेगळा अर्थ मला लावता येत नाही.

शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा आमच्या शेजारची एक चिमुरडी दुसरीत होती. तिची संपूर्ण पहिली फोनवर झाली होती. पहिल्या दिवसाहून परत आल्यावर तिने मोठ्या आश्चर्याने मला सांगितले, ‘काका, आमच्या वर्गातला तो मुलगा केवढा उंच आहे!’ दीड वर्ष तिने त्याचा चेहरा एका चौकटीत पाहिला होता. त्याला पाय आहेत आणि तो उभा राहू शकतो, हा तिला नवा शोध होता. आपल्याला हसू येते. पण ज्या वयात मुले एकमेकांशी लोळून, ढकलून, पाठशिवणी खेळून माणूस म्हणजे काय ते शिकतात, ते वय या पिढीचे चौकटीत गेले, हा त्या हसण्यामागचा अर्थ आहे.

मग आपण भरपाईस लागलो. १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला. २०२२ च्या दहावी-बारावीच्या परीक्षेत, मुलांची लिहिण्याची सवय मोडली म्हणून मोठ्या पेपरास अर्धा तास जादा मिळाला. हे सर्व योग्यच होते. २०२२ च्या ‘असर’ अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरली होती; अभ्यासाला सेतू हवाच होता. पण मनाला सेतू कोणी बांधला? बुडालेले धडे भरून काढण्यासाठी खेळाचे तास घेतले गेले, शाळेनंतर शिकवणीचे वर्ग आले, आणि एका कोंडीतून सुटलेले मूल दुसऱ्या कोंडीत जाऊन बसले. ज्याचे भुकेने पोट खपाटीला गेले आहे, त्याला आपण पाकशास्त्राचे पुस्तक पाठ करावयास दिले.

२०२५ साली माझ्या महाविद्यालयात प्रथम वर्षास जी मुले आली, ती २०२० च्या मार्चमध्ये सातवीत होती. आवाज फुटण्याचे, मैत्री तुटण्याचे, पहिल्यांदा कोणी आवडण्याचे वय त्यांनी बंद खोलीत काढले. ती हुशार आहेत, नम्र आहेत, आणि यंत्रे त्यांच्या बोटांवर नाचतात. पण वर्गात शंका विचारा म्हटले की अशी शांतता पसरते की पंख्याचा आवाज मोठा वाटू लागतो. तास संपल्यावर तीच शंका मला फोनवर लिहून येते, आणि लिहिणारा पहिल्याच बाकावर बसलेला असतो. सर्वांविषयी एकच विधान करणे अन्यायाचे होईल. बोलकी, धीट मुलेही त्यांत आहेत. तथापि दहा वर्षांपूर्वीच्या वर्गाचा गलका ज्याने ऐकला आहे, त्याला ही शांतता शिस्तीची वाटणार नाही.

सरकारने काही केले नाही असे नाही. २१ जुलै २०२० रोजी ‘मनोदर्पण’ निघाले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चालू झाला. तो प्रत्येक घरी लिहून ठेवावा, अगदी विजेच्या तक्रारीच्या क्रमांकाशेजारी. पण बहुतेक मुलांना तज्ज्ञ नको असतो. त्यांना मोकळा वेळ आणि बरोबरीची मुले हवी असतात. आणि हवा असतो असा एखादा शिक्षक, ज्याला हजेरी घेताना ‘हजर’ या शब्दातला बदललेला आवाज ऐकू येतो. पुन्हा कधी साथ आलीच, तर शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी भरावी, एवढा धडा तरी आपण मोठ्यांनी गिरवून ठेवावा. तोपर्यंत निदान मधली सुटी कापू नये.

आमच्या घराच्या मागेच एक शाळा आहे. तिची मधली सुटी झाली की असा कल्लोळ उठतो की घरातले बोलणे ऐकू येत नाही. आमच्या इमारतीतील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी या गोंगाटाविरुद्ध मुख्याध्यापकांकडे अर्ज करण्याचे ठरविले आणि मसुदा तपासण्यासाठी तो माझ्याकडे आणला. अर्जाची भाषा निर्दोष होती. मी त्यांना चहा दिला आणि सही करावयाची नाही असे सांगितले. एकवीस महिने या खिडकीतून काहीच ऐकू येत नव्हते, तेव्हा आपल्याला झोप कशी लागत असे, एवढेच मी त्यांना विचारले. ते थोडा वेळ बसले. मग कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. बाहेर कोणीतरी कोणाला तरी ‘आऊट’ दिले होते आणि त्यावरून मोठे भांडण जुंपले होते.